जाणंयेणं

पुण्याच्या पेठांतल्या वाड्यात व्यायाम करणारी म्हातारी मी कधी पाहिली नाही. सकाळी चौकातल्या नळावर पाणी, दुपारी कुणाच्या तरी ओसरीवर पापड, संध्याकाळी कीर्तन. यात आजीचं जमिनीवर बसणं-उठणं किती वेळा व्हायचं, कोण मोजतो! एक हात गुडघ्यावर, दुसरा भिंतीला, तोंडाने 'विठ्ठला', की बसली. उठताना तोच 'विठ्ठला' जरा लांबायचा. लाट्या संपल्या तरी गप्पा संपत नसत, मग निघालेली आजी पुन्हा बसायची.

आजोबांची पर्वती ठरलेली. 103 पायऱ्या, दम लागला की निम्म्यावर थांबून राजकारण. देव निमित्ताला; ओढ वर जमणाऱ्या टोळक्याची. त्यातले एकेक सोबती गेले आणि आजोबांची पर्वती सुटली. गुडघे दुखायला लागले ते त्यानंतर.

तेव्हाचं सगळंच गोड होतं असं मुळीच नाही. खुब्याचं हाड मोडलं की माणूस अंथरुणाला खिळायचा, तो बहुधा कायमचाच. आणि सत्तरीच्या विधवेला पाट्यावर वाटायला बसवायचे, त्यात कसलं आलंय कौतुक!

आईच्या फ्लॅटमध्ये लिफ्ट आहे, कमोड आहे, गुडघाही नवा बसवलाय. फिजिओथेरपिस्ट येते. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. ती घड्याळ लावते. 12 सेकंदांहून जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. आईला जास्तच लागायचे. व्यायाम ती रोज करायची, एकटीने, टीव्हीसमोर. शेजारच्या बाईंचं आडनाव तिला चुकून आलेल्या पार्सलवरून कळलं.

मग कुणीतरी तिला बागेतल्या हास्यक्लबात नेलं. डॉ. मदन कटारियांनी 1995 साली मुंबईत हे सुरू केलं, तेव्हा हात वर करून हसणाऱ्यांची आपण टिंगलच केली होती. हसणं थोडाच वेळ चालतं. खरी बैठक नंतर कट्ट्यावर. आज कोण आलं नाही, का नाही आलं, याची कसून चौकशी होते. परवा अशाच एका न आलेल्या मैत्रिणीकडे चौघी थडकल्या. जुनी इमारत, दुसरा मजला, लिफ्ट नाही. आई कठडा धरून वर गेली, चहा झाला, दोन तासांनी उतरली.

फिजिओथेरपिस्टला तिने यातलं काही सांगितलेलं नाही. म्हणाली, "उगीच जिना बंद करायची."