बोट लागली

‘लागणे’ हे मराठीतले एक विलक्षण क्रियापद आहे. माणसाला भूक लागते, तहान लागते, ठेच लागते, दृष्ट लागते, वेड लागते. क्वचित एखाद्याला लॉटरीही लागते. गंमत अशी की, यातल्या एकाही वाक्यात माणूस स्वतः काही करीत नसतो. जे करायचे ते भूक करते, ठेच करते, लॉटरी करते. तो बिचारा ‘मला’ म्हणत चतुर्थी विभक्तीत उभा असतो. वीस वर्षे हे मी वर्गात सांगत आलो आहे. पण चतुर्थीत उभे राहणे म्हणजे नेमके काय, हे मला कळले ते गेल्या मे महिन्यात, मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या एका पर्यटन बोटीच्या कठड्याशी. मला बोट लागली.

कोकणातल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. पण मी बुलढाणा जिल्ह्यातला, सुलतानपूरचा. आमच्या गावापासून समुद्र चारशे किलोमीटरांहून जास्त लांब. खारे पाणी आम्ही पाहिले ते शेजारच्या लोणारच्या सरोवराचे. आकाशातून उल्का कोसळून काळ्या पाषाणात ते विवर पडले आणि त्यात पाणी साठले. २०२० सालच्या जूनमध्ये ते गुलाबी झाले तेव्हा साऱ्या देशाला त्याची आठवण झाली. पण ते पाणी गुलाबी होवो की हिरवे, जागचे हलत नाही. त्याच्या काठी बसून आजवर कुणाला काही लागल्याचे मी ऐकलेले नाही.

आमचे वडील, म्हणजे नाना, जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवीत. भरती-ओहोटी, खारे वारे, मतलई वारे हे सारे त्यांनी तीस वर्षे खडूने फळ्यावर काढले. पृथ्वी गोल असल्याचा पुरावा म्हणून ते मोसंबे घेत, त्यावर आगकाडीचा तुकडा टोचून हळूहळू फिरवीत आणि विचारीत, “जहाज लांब जायला लागलं की आधी काय दिसेनासं होतं?” आम्ही पोरे एका सुरात ओरडत असू, “बूड!” “आणि मग?” “शीड!” सगळा वर्ग पास होई. त्या वर्गात समुद्र कुणीच पाहिलेला नव्हता. मास्तरांनीही नाही.

मास्तरांनी तो का पाहिला नाही, याचे उत्तर मात्र मी आहे.

१९८८ सालच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत नानांनी मुंबईला जायचे ठरवले. पैसे वर्षभर साठवले होते. मी आठ वर्षांचा होतो. सुलतानपूरहून एस.टी.ने जालना, तिथून लहान रुळांच्या गाडीने मनमाड, तिथून मोठ्या गाडीने मुंबई, असा बेत होता. बिबी येईपर्यंत मी खिडकीतून झाडे मोजत होतो. किनगाव राजाला मोजणे थांबले. सिंदखेडराजा मागे पडले तेव्हा मी नानांच्या मांडीवर होतो आणि आईने हातात दिलेले लिंबू कधीच घरंगळून सीटखाली गेले होते. मला गाडी लागली होती; आणि ती अशी काही लागली की जालन्याच्या स्टँडवर मला उभेही राहता येईना. नानांनी नळाच्या पाण्याने माझे तोंड धुतले, स्वतःचा सदरा धुतला, बाकावर बसून थोडा वेळ विचार केला आणि सुलतानपूरची परतीची गाडी कुठे लागते याची चौकशी केली. बस्स. या विषयावर ते पुन्हा कधी बोलले नाहीत. पुढे बहिणीचे लग्न आले, घराचे छप्पर आले, आईचे आजारपण आले. समुद्र राहून गेला.

म्हणून, नाना पंच्याहत्तरीला टेकले तेव्हा मी ठरवले की त्यांना समुद्र दाखवायचा, आणि तोही चौपाटीवर उभे करून नव्हे तर चांगला चारी बाजूंनी. दोन रात्रींच्या बोटीची चार तिकिटे काढली. नाना, मी, पत्नी आणि मुलगी.

माझ्या एक सहकारी रत्नागिरीकडच्या. त्यांचे लहानपण कोकण किनाऱ्याच्या बोटींवर गेलेले. ‘रोहिणी’, ‘चंद्रावती’, ‘कोकण सेवक’ ही नावे त्या माहेरच्या माणसांसारखी घेतात. भाऊच्या धक्क्यावरची गर्दी, पथारी टाकण्यासाठी डेकवर उडणारी झुंबड, आणि बंदर आले की बोट समुद्रातच उभी राहून पडावातून होणारी उतारूंची चढउतर, हे सारे त्यांच्या तोंडून ऐकावे. त्या घरांनी बोटीची धास्तीही अनुभवली होती. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली, त्या दिवसाची आठवण त्यांच्या आजीने जन्मभर जपली. पुढे रस्ते सुधारले, बोटी बंद पडल्या आणि १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. पण बोटीबरोबर बोट लागण्याचे शास्त्र काही त्या विसरल्या नव्हत्या. त्यांनी मला एक यादीच लिहून दिली. केबिन बोटीच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर घ्यावी. निघण्यापूर्वी हलके खावे, पण उपाशी राहू नये. आले जवळ ठेवावे. पुस्तक उघडू नये. डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी आणि ती निघण्याच्या तासभर आधी घ्यावी.

मी यादी वाचली आणि हसलो. एस.टी. लागणे हे माझे बालपणीचे दुखणे होते, ते केव्हाच गेले होते. शिवाय वरच्या मजल्यावरची, पुढच्या टोकाची केबिन मला मिळाली होती. तिथून देखावा चांगला दिसतो असे जाहिरातीत म्हटले होते. आमच्या घरात सूचना पाळण्याचे खाते पत्नीकडे आहे. तिने गोळी घेतली, मुलीलाही दिली. मी भरपूर जेवलो आणि वाचायला एक जाड कादंबरी उघडली.

मे महिन्यात पावसाला अवकाश असला तरी समुद्राला त्याची चाहूल आधी लागते. बॅलार्ड पिअर मागे पडले, बंदराचे शांत पाणी संपले आणि बोटीने एक संथ दीर्घ श्वास घेतला. मग सोडला. मग पुन्हा घेतला. एवढी मोठी बोट, सात-आठ मजल्यांची. ती आडवी डोलू नये म्हणून तिच्या पोटाशी कल्ल्यांसारखी पाती असतात. पण पुढून येणाऱ्या लाटेवर नाक वर करणे आणि खाली टाकणे ती पाती फारसे थांबवू शकत नाहीत. आणि मी नेमका त्या नाकावर बसलो होतो. पाळण्याच्या टोकाला बसलेला माणूस जास्त वर जातो आणि जास्त खाली येतो; मधला जवळजवळ जागेवर असतो. एवढे पदार्थविज्ञान जत्रेत पाळण्यावर बसणाऱ्या पोरालाही ठाऊक असते. मला ते एम.ए. होऊनही सुचले नव्हते.

हे दुखणे पोटाचे वाटते, पण असते कानाचे. आपल्या अंतःकर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके कुठे वळले हे त्यांतला द्रव सांगतो. जवळच बारीक कणांच्या पिशव्या असतात. वर चाललो की खाली हे त्यांना कळते. केबिनमध्ये डोळा म्हणतो, भिंत स्थिर आहे, पलंग स्थिर आहे, कादंबरीचे पानही स्थिर आहे. कान म्हणतो, खोटे! आपण खाली चाललो आहोत. मेंदू दोन साक्षीदारांच्या मधे सापडतो आणि शिक्षा होते ती पोटाला. ज्यांचे कानातले हे यंत्र मुळातच निकामी असते, त्यांना बोट लागत नाही. झपझप हिसक्यांपेक्षा संथ हेलकावा अधिक वाईट. साधारण पाच सेकंदांना एक वर-खाली, हा वेग माणसाला सर्वांत असह्य होतो. आमच्या बोटीने तोच वेग पसंत केला होता.

दिवेलागणीला मी आडवा झालो. मळमळीला इंग्रजीत जो ‘नॉशिया’ शब्द आहे, तो ग्रीकांच्या ‘नौका’ या अर्थाच्या शब्दावरून आला आहे, ही व्युत्पत्ती मला त्या क्षणी आठवली. तिचा काही उपयोग झाला नाही. एवढा मोठा दर्यावर्दी सेनापती नेल्सन, त्यालाही बोट लागत असे. डार्विन तर १८३१ ते १८३६ या सफरीत पुनःपुन्हा आजारी पडत राहिला. याही गोष्टी आठवल्या. थोर माणसांच्या पंक्तीला बसण्याची माझी मनःस्थिती नव्हती.

आणि नाना? नाना ठणठणीत! आधी मला वाटले, हा त्यांचा निग्रह असेल. पुढे कळले की हे दुखणे शाळकरी वयात सर्वांत जोरात असते आणि वय वाढते तसे बहुधा ओसरते. नानांना त्यांच्या पंच्याहत्तरीने वाचवले होते. मला वाचवायला माझी पंचेचाळिशी पुरली नाही. बोटीवरच्या डॉक्टरांनी गोळी दिली, पण पोट ढवळू लागल्यावर गोळी आत राहील तर ना!

मुलगी जादूचे प्रयोग पाहायला गेली. तिच्याबरोबर मी पत्नीलाही पाठवले. नानांना म्हटले, “तुम्ही वर जा. मुंबईचे दिवे दिसत असतील.”

“जाईन ना,” ते म्हणाले, आणि कागदी पिशवी धरून माझ्याजवळ बसून राहिले. “पोटात काई राह्यलं असन तं काढून टाक. मी हाओ ना इथं.”

डोळे मिटून घेतले तेव्हा मला डिझेलचा वास आला. सिंदखेडराजा मागे पडले होते. तोच हात कपाळावर होता, फक्त आता तो थोडा थरथरत होता. सदतीस वर्षांनी मी त्यांना समुद्रापर्यंत आणले होते, आणि पुन्हा एकदा ते समुद्राकडे पाठ करून माझे तोंड पुसत होते. मळमळ सोसवेल एकवेळ. ही जाणीव सोसवेना.

दुसऱ्या दिवशी मुरगावला जमिनीवर पाय टेकला. जमीनही डोलत होती. कानाला बोटीची सवय होऊ लागली की असे होते म्हणतात. एका उपाहारगृहात मी दोन घास खाल्ले. नाना चहाचा कप खाली ठेवून अगदी सहज बोलल्यासारखे म्हणाले, “मी काय म्हणतो, मडगावहून रेल्वे आहे. तिनंच जाऊ परत. समुद्र तं पाह्यला ना आता.”

मी त्यांच्याकडे पाहिले. हाच तो जालन्याचा आवाज. परतीची गाडी कुठे लागते, याची चौकशी करणारा.

“नाही नाना,” मी म्हणालो, “बोटीनंच जायचं.”

“अन् तुला लागली तर?”

“लागू दे.”

पत्नीने पर्समधून मुकाट्याने सहकारीबाईंची यादी काढली. या वेळी मी ती धर्मग्रंथासारखी पाळली. कोरडी पोळी खाल्ली, आले चघळले. बोटीच्या डॉक्टरांना विचारून बोट सुटण्याच्या तासभर आधी गोळी घेतली. (या गोळीने झोप येते, वयस्कर माणसांनी आणि इतर औषधे चालू असलेल्यांनी ती विचारल्याशिवाय घेऊ नये, हेही डॉक्टरांनी बजावले.) वरच्या केबिनकडे फिरकलो नाही. बोटीच्या मध्यावर, खालच्या उघड्या डेकवर, वारा लागेल अशा ठिकाणी नानांच्या शेजारी खुर्ची टाकली आणि नजर क्षितिजावर ठेवली. क्षितिजाकडे पाहण्यात हेच मर्म असते. तेवढी एक रेघ खरोखर स्थिर असते, आणि तिच्याकडे पाहिले की बोट हलते आहे हे डोळ्यालाही पटते. मग डोळा आणि कान यांचे भांडण मिटते.

बोट हलायची ती हललीच. पोटात एक-दोनदा कालवले. पण मी रेघ सोडली नाही. नानाही काही बोलले नाहीत. डावीकडे सूर्य पाण्याला टेकत आला होता. आणि त्या रेघेवर मला एक काडी दिसली.

“नाना, ते पाहा. त्या लाल पट्ट्याच्या जरा उजवीकडे.”

त्यांनी चष्मा पुसला. पाहिले. दूरवर एक जहाज होते. पण जहाज म्हणावे तर त्याला बूडच नव्हते. डोलकाठी आणि वरचा थोडा भाग, बस्स. बाकीचे सारे समुद्राच्या पलीकडे उतरून गेले होते.

नाना उठून कठड्याशी गेले. बराच वेळ गेला. मग माझ्याकडे न वळता त्यांनी विचारले, “आपण पाण्यापासून किती उंच असू?”

“वीस मीटर धरा.”

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजले. “म्हणजे क्षितिज सोळा किलोमीटर. ते त्याच्याही पलीकडं आहे.” आणि मग, जणू समोर पन्नास पोरे बसली आहेत अशा आवाजात, “आधी काय दिसेनासं झालं?”

मला उत्तर येत होते. पण घसा दाटून आला होता, आणि या वेळी दोष बोटीचा नव्हता.

“बूड,” मी म्हणालो.

“आणि मग?” ते म्हणाले. आम्ही दोघे ती काडी बुडेपर्यंत पाहत राहिलो.

सकाळी भोंगा वाजला. मुलगी धावत आली आणि ओरडली, “आजोबा, उठा! बोट लागली!”

नाना दचकून आधी माझ्या तोंडाकडे पाहू लागले.

“मला नाही नाना,” मी म्हणालो. “धक्क्याला.”