हात बदलल्याची रेघ

पुण्याच्या थंडीला खरें पाहतां इतके स्वेटर लागत नाहींत. तरी दर बुधवारीं दुपारीं आम्ही चौघी सुया घेऊन एकत्र बसतों. हातांत विणकाम असलें म्हणजे दृष्टि खालीं राहते, आणि समोरासमोर जें ओठांवर येत नाहीं तें खालीं पाहतां पाहतां सहज बोललें जातें.

या कलेंत मुख्य टाके दोनच, सुलट आणि उलट. आणि उलट टाकाहि मागून पाहावा तों सुलटच. पण लोकर एक, सुया एका मापाच्या, तरी दोघींची वीण सारखी उतरत नाहीं. कोणाचा हात घट्ट, कोणाचा सैल. म्हणून एकीचें विणकाम दुसरीनें पुरें करूं नये, असा आमचा दंडक होता.

पूर्वीं आम्ही पांचजणी होतों. आमच्यांतील वडील बाई गेल्या, तेव्हां नातवाच्या स्वेटरची पाठ पुरी झाली होती आणि पुढची बाजू काखेपर्यंत आली होती. उरलेलें आम्हीं विणलें. त्यांचा हात घट्ट, म्हणून सुया एक नंबर बारीक घेतल्या. तरी हात बदलल्याची रेघ छातीवर उमटलीच. सारें उसवून नव्यानें विणावें, असें एकीनें सुचविलें. तें सोपें होतें. टोक ओढलें कीं वीण मोकळी होते. पण त्यांचे टाके सोडवावयास कोणाचाच हात पुढें झाला नाहीं.

नातवाला ती रेघ दिसली नाहीं. त्याच्या आईला दिसली. तिनें रेघेवरून बोट फिरविलें आणि विचारलें, “येथवर आईंचा हात, नाहीं का?”

तेव्हांपासून तो दंडक आम्हीं सोडून दिला आहे.