अंगणातली माती

दोह्याच्या अल नस्र भागात भाड्याच्या घरात राहायला आलो, तेव्हा खरा आनंद झाला तो मागच्या छोट्याशा अंगणाचा. लगेच कढीपत्ता लावला. तो गेला. दुसरा लावला, तोही गेला. तिसऱ्याची पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, टोकं करपली. "इथली मातीच वाईट," म्हणून आम्ही मोकळे झालो.

त्या हिवाळ्यात परभणीहून आई आली. सारा जन्म शेतात गेलेला. "माती वाईट नसते रे, तुम्ही तिला विचारलंच नाही," असं म्हणून तिने खुरपं मागितलं.

वरच्या वीतभर थरात निघाली खडी, सिमेंटचे तुकडे, प्लास्टरचा चुरा. बांधकामाचा भराव! खालची फिकट माती आईने ओली करून मुठीत दाबली. लाडू वळला, पण बोट लावताच फुटला. काळ्या मातीची कशी लांब वात वळते! मग मुलांनी काचेच्या बरणीत एक भाग माती, दोन भाग पाणी आणि चिमूटभर साबण घालून खूप हलवलं. मिनिटभरात वाळू तळाशी बसली. दोन तासांनी वर गाळाचा पातळ थर आला. चिकणमाती बसायला दिवस-दोन दिवस लागतात. आमच्या बरणीत ती जवळजवळ नव्हतीच. कोरड्या मातीवर व्हिनेगर टाकलं, तर फसफसून फेस आला. म्हणजे चुना भरपूर. कतारची जमीनच चुनखडकाची.

कोडं सुटलं. चुन्यामुळे मातीतलं लोह मुळांना मिळत नाही, म्हणून पानं पिवळी. पाऊस वर्षाला सरासरी जेमतेम ७५ मिलिमीटर. त्यामुळे क्षार खाली धुऊन जात नाहीत, उन्हाने वर येतात, म्हणून टोकं करपतात.

"चुना तर आपल्या काळ्या रानातही असतो, खडे सापडतात की," आई म्हणाली. खरंच! फरक चुन्याचा नव्हता. पाणी धरून ठेवणारी चिकणमाती आणि कुजलेला पालापाचोळा, एवढंच इथे कमी होतं.

आणि चांगली माती इथेही आहे बरं का! पावसाचं पाणी सखल भागात बारीक गाळ आणून टाकतं. त्या जागेला इथे 'रौदा' म्हणतात. 'रौदत अल खैल' या नावावरून आपण रोज जातो, अर्थ मात्र कधी विचारला नव्हता.

भराव उपसला. रोपवाटिकेतून 'गोड माती', म्हणजे बिनखारी माती आणली, त्यात शेणखत मिसळलं, विटांचा उंच वाफा केला, वर वाळक्या पानांचं आच्छादन. चौथा कढीपत्ता दुपारच्या सावलीत लावला. पाणी रोज शिंपडायचं नाही, दोन-तीन दिवसांनी खोलवर द्यायचं.

आई परत गेली. दर शुक्रवारी फोनवर आधी नातवंडांची चौकशी होते, मग ठरलेला प्रश्न, "वाफसा आहे ना रे?" आम्ही मातीत बोट घालून बघतो आणि मगच उत्तर देतो.

मंडळी, झाड गेलं तर मातीला दोष देण्याआधी एक बरणी भरून बघा!