गाव विचारून ठरवलेला पगार

पगाराचा आकडा सांगायच्या आधी हॉस्पिटलवाल्यांनी मला गाव विचारलं, याचा राग अजून गेलेला नाही. जीएनएमची मार्कशीट, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, नांदेडमधल्या आयसीयूच्या अनुभवाचं पत्र, सगळं टेबलावर होतं. एचआरच्या साहेबांनी ते वरवर चाळलं आणि विचारलं, "किधर से हैं आप?" नांदेड म्हटल्यावर दुसरा प्रश्नच आला नाही. साडेतेरा हजार.

ही २०१९ ची गोष्ट. नारायणगुड्यातलं ऐंशीएक खाटांचं खासगी हॉस्पिटल. नाव लिहीत नाही. आमच्या भागातल्या मुलींना हैदराबाद परकं वाटत नाही. रात्री गाडीत बसायचं, काचीगुड्याला उतरायचं, तिथून नारायणगुडा रिक्षाने जवळच. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. मराठवाड्यातल्याच न्यायमूर्ती केशवराव कोरटकरांच्या नावाची केशव मेमोरियल शाळाही नारायणगुड्यातच आहे. नांदेडला मला नऊ हजार मिळत होते, त्यामुळे साडेतेरा ऐकून मी खूश झाले होते, हेही खरं.

माझ्यासोबत नाइटला केरळमधल्या कोट्टायमची एक मुलगी असायची. तीही जीएनएमच, पास होण्याचं वर्षही एकच. व्हेंटिलेटरवरचे दोन पेशंट माझ्याकडे, दोन तिच्याकडे. सक्शन, दर तासाचं युरिन आउटपुट, इन्फ्युजन पंपाचं सेटिंग, सकाळचा हँडओव्हर, कशातही फरक नव्हता. एका पहाटे पीएफच्या कसल्याशा फॉर्मसाठी आम्ही दोघींनी पगाराच्या स्लिपा काढल्या आणि औषधांच्या ट्रेशेजारी काउंटरवर ठेवल्या. बेसिक माझं ९,०००, तिचंही ९,०००. घरभाडं दोघींना ३,०००. खाली एक ओळ होती, 'स्पेशल अलाउन्स'. माझ्या स्लिपवर १,५००, तिच्या स्लिपवर ७,५००.

त्या एका ओळीत सहा हजार दडवले होते. बेसिक सारखं ठेवलं की कोणी विचारलं तर "सगळ्यांना समान" असं सांगायची सोय राहते. मी विचारायला गेले तेव्हा नेमकं हेच सांगितलं गेलं. अलाउन्सच्या ओळीवर बोट ठेवलं तेव्हा म्हणाले, तुमचं तेलंगणाचं रजिस्ट्रेशन नाही. पण कोट्टायमच्या मुलीचं तरी कुठे होतं? तिचं केरळचं, माझं महाराष्ट्राचं. दोघींची ट्रान्सफरची कागदपत्रं अडकलेलीच. हे बोलून दाखवल्यावर साहेब हसले. "उन लोगां कम में आतेच नहीं अम्मा, नांदेडवाले इत्ते में आ जाते." एवढं खरं बोलल्याबद्दल त्यांचे आभार मानावेत की फाइल तिथेच आपटावी, मला कळेना. ट्रान्सफरची कागदपत्रं पूर्ण झाल्यावरही माझे १,५०० चे ७,५०० झाले नाहीत.

सुरुवातीला माझा राग त्या मुलीवरच होता. मग तिच्याकडून तिकडची हकिगत ऐकली. केरळच्या नर्सेसनी वर्षानुवर्षं संप केले, युनायटेड नर्सेस असोसिएशन उभी केली, आणि एप्रिल २०१८ मध्ये तिथल्या सरकारला अधिसूचना काढावी लागली: खासगी हॉस्पिटलातल्या नर्सचं मूळ वेतन किमान २०,०००. तो आकडा डोक्यात ठेवूनच ती नारायणगुड्यात आली होती. माझ्या डोक्यात नांदेडचे नऊ हजार होते.

तसं पाहिलं तर आम्हालाही कागदावर आधार होता. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्राने नेमलेल्या समितीने सांगितलं होतं की २०० हून जास्त खाटा असतील तर पगार सरकारी नर्सइतका द्या, ५० ते १०० खाटा असतील तर २५ टक्क्यांहून जास्त कमी नको, आणि ५० च्या आतल्या हॉस्पिटलातही २०,००० च्या खाली नको. तेलंगणाच्या सरकारी स्टाफ नर्सची श्रेणी तेव्हा २५,१४० पासून सुरू व्हायची, महागाई भत्ता वेगळा. आमच्या ऐंशी खाटांना लावून बघा: नुसतं मूळ वेतन धरलं तरी १८,८५५ होतात. पण अंमलबजावणी राज्यांवर सोपवलेली, आणि आमच्या वॉर्डात त्या शिफारशींचं नावही कोणी ऐकलं नव्हतं.

शहरागणिक खर्च वेगळा म्हणून पगार वेगळा, असं लोक सांगतात. केंद्राच्या नोकरीत त्याचा हिशोब सरळ आहे. एम्स नागपूरचं असो की हैदराबादजवळच्या बीबीनगरचं, नर्सिंग ऑफिसरचं मूळ वेतन ४४,९०० पासूनच सुरू होतं. शहराप्रमाणे बदलतो तो मुख्यतः घरभाडं भत्ता. सातव्या वेतन आयोगात सुरुवातीला हैदराबादला २४ टक्के होता, नांदेडला १६. आम्ही दोघी तर बरकतपुऱ्याच्या एकाच हॉस्टेलमध्ये एकच भाडं भरत होतो. मग माझा खर्च कमी कसा?

सरकारी नोकरीचं म्हणाल, तर ३१ जानेवारी २०२४ ला जवळच बशीरबागेच्या लाल बहादूर स्टेडियममध्ये तेलंगणाच्या मुख्यमंत्र्यांनी सुमारे सात हजार स्टाफ नर्सना नेमणूकपत्रं दिली. श्रेणी ३६,७५० पासून. त्यात ९५ टक्के जागा स्थानिकांच्या. आम्ही कितीही वर्षं इथे राबलो तरी बाहेरचेच. महाराष्ट्रात सरकारी नर्सचं मूळ वेतन ३५,४०० आहे, पण त्या भरतीची वाट बघत किती जणींचं वय निघून गेलं.

म्हणून मुलींना सांगते, ऑफर लेटरमध्ये प्रत्येक ओळीचा आकडा लिहून घ्या, मूळ प्रमाणपत्रं कोणाच्या ताब्यात देऊ नका, आणि आधीचा पगार विचारला तर सांगू नका. सोबतच्या मल्याळी, ओडिया मुलींना पगार विचारायला लाजू नका. कमी पैशांत जाणारी प्रत्येक मुलगी पुढच्या मुलीचाही भाव पाडते, असं मी फार ठासून म्हणत आले आहे.

गेल्या वर्षी माझी आतेबहीण त्याच भागातल्या दुसऱ्या हॉस्पिटलात मुलाखतीला आली. मी सांगितल्याप्रमाणे तिने बावीस मागितले. त्यांनी गाव विचारलं आणि सोळा सांगितले. तिथूनच तिने मला फोन केला. नांदेडला तिला अकरा मिळत होते, आणि इथे व्हेंटिलेटर, डायलिसिस हातून शिकायला मिळणार होतं. माझंही सगळं शिक्षण खऱ्या अर्थाने इथेच झालं. मी तिला म्हणाले, घे. आणि स्लिप आली की मला दाखव.