हळू उडणारं विमान

मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आम्ही चौघांनी फोमच्या शीटचं एक रिमोटवालं विमान बनवलं होतं. सगळ्यांना फायटर जेट हवं होतं. पण कॉलेजमागचं मैदान लहान, पलीकडे लगेच विजेच्या तारा. मग नाइलाजाने असं विमान शोधलं जे कमी जागेत उतरतं. असं आम्हाला श्टोर्ख सापडलं.

फिझेलर एफआय १५६ श्टोर्ख. १९३६ साली पहिल्यांदा उडालेलं जर्मन सैन्याचं छोटं विमान. काम काय, तर अधिकाऱ्यांची ने-आण, निरोप पोचवणं, वरून टेहळणी, जखमींना हलवणं. श्टोर्ख म्हणजे करकोचा. उडताना त्याच्या चाकांच्या लांब तंगड्या तशाच खाली लोंबतात, म्हणून हे नाव.

याची खासियत म्हणजे हळू उडणं. विमानाचा वेग फार कमी झाला की पंखाच्या पाठीवरची हवा सुटते आणि ते कोसळतं. श्टोर्खच्या पंखाच्या पुढच्या कडेला थोडी फट ठेवून एक पट्टी कायमची बसवलेली होती. खालची हवा त्या फटीतून वर येते आणि पाठीवरचा प्रवाह धरून ठेवते. मागे मोठे फ्लॅप. त्यामुळे हे विमान ताशी ५० किलोमीटरच्या आसपासही हवेत टिकायचं, म्हणजे आपल्या ॲक्टिव्हाच्या वेगाने! समोरून वारा असेल तर साधारण २० मीटरमध्ये थांबायचं.

मी या डिझाइनच्या प्रेमातच पडलो. मग त्यातून कोण कोण गेलं ते वाचलं.

१२ सप्टेंबर १९४३. इटलीच्या ग्रान सासो डोंगरावरच्या एका हॉटेलात मुसोलिनी कैदेत होता. जर्मन सैनिक ग्लायडरने उतरले आणि त्याला बाहेर काढायला श्टोर्ख आलं. वैमानिक गेरलाख. स्कोर्झेनी नावाचा धिप्पाड अधिकारीही हट्टाने आत शिरला. तिघांचं ओझं घेऊन विमान दगडगोट्यांवरून धावलं, कड्यावरून खाली गेलं आणि दरीत सावरलं. पंखाने आपलं काम केलं. मुसोलिनी मग उत्तर इटलीत हिटलरच्या आधाराने आणखी दीडेक वर्ष राज्य करत राहिला.

नोव्हेंबर १९४६. स्वित्झर्लंडच्या गाउली हिमनदीवर अमेरिकन सैन्याचं एक डकोटा कोसळलं. आत १२ जण, त्यात एक लहान मुलगी. पाच दिवसांनी व्हिक्टर हुग आणि पिस्टा हिट्स हे दोन स्विस वैमानिक दोन श्टोर्ख घेऊन थेट बर्फावर उतरले. फेऱ्या मारून बाराही जणांना खाली आणलं. पंख तोच, फट तीच.

तेव्हा मी सरळ निष्कर्ष काढला होता: यंत्र निर्दोष असतं, वापरणारा चांगला किंवा वाईट.

आता मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. दोन वर्षांपूर्वी एका क्लायंटसाठी लोकेशनचं मॉड्यूल लिहिलं. फील्डवर फिरणाऱ्या मुलींना रात्री अडचण आली तर मदत पोचावी, हा हेतू. नेटवर्क कमी असलं तरी चालतं, बॅटरी फार खात नाही. मला त्याचा अभिमान होता. गेल्या महिन्यात त्यावर नवीन तिकीट आलं: कोण एका जागी दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबलं याचा रिपोर्ट हवा, पगार कापायला. उन्हात सावलीला थांबलेलाही त्यात येणार.

मी स्वतःला ते जुनंच वाक्य ऐकवलं. यंत्र निर्दोष असतं.

पण ते तितकंसं खरं नाही. श्टोर्ख पहिल्यापासून सैन्यासाठीच बनलं होतं, आणि त्याच फिझेलर कंपनीने पुढे व्ही-१ या उडत्या बॉम्बचा सांगाडा तयार केला. तिथल्या इंजिनिअरांना गिऱ्हाईक कोण हे माहीत होतं. उलट गाउलीला जाण्याआधी कोणीतरी त्या विमानांना चाकांच्या जागी स्की बसवल्या. तेही इंजिनिअरिंगच. प्रत्येक वेळी कोणीतरी पाना हातात घेऊन ठरवलं होतं.

रिपोर्टचा कोड दोन दिवसांचा आहे. मी तिकीट ‘ब्लॉक्ड’मध्ये टाकलं, खाली चार ओळींत कारण लिहिलं. मॅनेजर म्हणाला, "अरे, तू नाही केलंस तर दुसरा कोणी करेल." करेलही. पुढच्या महिन्यात अप्रेझल आहे.

ते फोमचं विमान अजून घरी माळ्यावर आहे. डावा पंख मोडलाय, पण पुढची पट्टी शाबूत आहे.