हाताचे गाऱ्हाणे

आपल्या मराठी भाषेने हाताला जेवढे राबविले आहे, तेवढे दुसऱ्या कोणत्याही अवयवाला राबविले नसेल. गरिबाचे हातावर पोट असते, पराक्रमी पुरुषाच्या मनगटात जोर असतो, सुगरणीच्या हाताला चव असते, कंजूष हात आखडता घेतो आणि उधळ्याचा हात सैल असतो. एवढा सगळा संसार ज्याच्यावर सोपविला, त्या हातालाही काही दुखत-खुपत असेल ही कल्पना मात्र आपल्या मनाला शिवत नाही. डोके दुखले तर दिवा मालवतात, मुलांना गप्प बसवितात. हात दुखला तर? ‘झोपेत अवघडला असेल’ एवढ्यावर त्याची बोळवण होते!

माझ्या उजव्या हाताची आणि माझी खरी ओळख झाली ती माझे मनगट मोडले तेव्हा. पावसाळ्याचे दिवस होते. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पाय घसरला आणि धन्याला वाचविण्यासाठी हात आपण होऊन पुढे झाला. तोंड वाचले, मनगट गेले. पाहतो तो त्याला जेवणाच्या काट्यासारखा बाक आलेला! ही उपमा माझी नव्हे, डॉक्टरांच्या पुस्तकांतली आहे. डब्लिनच्या अब्राहम कॉलिस नावाच्या शस्त्रवैद्याने १८१४ साली या मोडीचे वर्णन केले. अजूनही ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. क्ष-किरणांचा शोध लागायला तेव्हा ८१ वर्षे अवकाश होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या गृहस्थाचे कौतुक वाटते.

शेजारचे काका तेलाची वाटी घेऊन धावत आले. पण मोडलेले हाड चोळून जुळत नाही, उलट अधिक सरकते. म्हणून हाताखाली घडी केलेले वर्तमानपत्र बांधले, सूज चढण्यापूर्वी बोटातली अंगठी काढली आणि दवाखाना गाठला. सहा आठवड्यांचे प्लास्टर मिळाले. त्या काळात सदऱ्याच्या गुंडीने माझा जो अंत पाहिला तो सांगत नाही. पायजम्याची नाडी एका हाताने बांधण्याची विद्या कोणाला अवगत असेल, तर त्याचे शिष्यत्व पत्करायला मी आजही तयार आहे.

हात तपासून घेण्यासाठी दवाखान्याच्या बाकावर बरेच बसावे लागे. तिथे दुसरा उद्योग नसल्यामुळे मी लोकांचे हात पाहू लागलो. ज्योतिषी पाहतात तसे नव्हे. त्यांना पुढचे दिसते, मला मागचे दिसू लागले.

एका शाळकरी मुलाच्या बोटाचे टोक खाली लोंबत होते. झेल घेताना चेंडू बोटाच्या टोकावर बसला होता आणि ते टोक उचलून धरणारी कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, सुटली होती. घरच्यांनी बोट ओढून पाहिले होते. त्याला हवी होती फक्त एक पट्टी. पण सहा ते आठ आठवडे अशी, की ते टोक एकदाही वाकता कामा नये. सायकलवरून पडलेल्या एका तरुणाचा एक्स-रे स्वच्छ होता, तरीही डॉक्टरांनी त्याला प्लास्टर घातले. अंगठा ताणला म्हणजे त्याच्या मुळाशी जो खळगा पडतो, तो दाबताच तो कळवळला होता. पूर्वी या खळग्यात तपकीर ठेवून ओढीत, म्हणून इंग्रजीत त्याला तपकिरीच्या डबीचे नाव आहे. त्याच्या तळाशी होडीच्या आकाराचे एक हाड असते. ते मोडले तरी कधी कधी पहिल्या दिवशी चित्रात दिसत नाही, आणि त्याचा रक्तपुरवठा असा बेताचा, की दुर्लक्ष झाले तर ते सांधतच नाही. एका शिंप्याचे बोट मिटले की अडकून बसे आणि बंदुकीच्या चापासारखे खटकन सुटे. मधुमेह्यांत हे अधिक आढळते.

आणि एक नवी आई होती. तान्ह्याला उचलताना तिच्या अंगठ्याच्या बाजूने मनगटात कळ येई. अंगठ्याच्या दोन कंडरा ज्या नळीतून जातात, ती तिथे दाटलेली असते. दे कर्व्हें या स्विस शस्त्रवैद्याने १८९५ साली हे दुखणे वर्णिले आणि ते त्याचे झाले. त्यापूर्वी इंग्रजीत त्याला ‘धोबिणीची लचक’ म्हणत. मला ते जुने नावच अधिक न्यायाचे वाटते. ज्यांनी ते सोसले, त्यांची आठवण त्यात होती.

बाकावर बसल्या बसल्या मला राहून राहून माझ्या मावशीची आठवण येई. आमच्या घराण्यात चकली तिच्या हातची. सोऱ्या तिच्या मुठीत फिरू लागला की काटेदार वेढे ताटात उतरत. पुढे तिचा हात रात्री मुंग्यांनी भरून येऊ लागला. ती उठून बसे, हात झटकी आणि पुन्हा आडवी होई. दिवसा हातातली कपबशी निसटे. कोणी म्हणाले वात आहे, कोणी म्हणाले वय झाले. आणि मावशी म्हणे, ‘हात आहे, दुखायचाच!’

त्या दुखण्याची खूण अगदी सोपी होती. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटे आणि अर्धी अनामिका बधिर होत. करंगळी शाबूत राही. मनगटात हाडांचा एक अरुंद बोगदा आहे. त्यातून नऊ कंडरा आणि एक मज्जातंतू जातात. आत दाटी झाली की कंडरा तग धरतात, मज्जातंतू चिरडतो. बायकांना हे दुखणे पुरुषांपेक्षा अधिक होते. गर्भारपण, मधुमेह आणि थायरॉइडचे विकारही त्याला निमंत्रण देतात. वेळेवर कळले तर रात्री मनगट सरळ ठेवणाऱ्या पट्टीवर पुष्कळदा भागते. नाहीतर एक लहानशी शस्त्रक्रिया. मावशी डॉक्टरांकडे पोचली तोवर अंगठ्याच्या मुळाचा उंचवटा बसून सपाट झाला होता. शस्त्रक्रियेने रात्रीच्या मुंग्या थांबल्या. गेलेला स्नायू परत आला नाही. आता तिला सुईत दोरा ओवता येत नाही, आणि सोऱ्या सुनेच्या हाती गेला आहे. ती पीठ चाखून मीठ सांगते, एवढेच.

मला वाटते, दुखणे मोठे होण्याआधी त्याला नाव मिळाले पाहिजे. मुठीत चटणी वाटणाऱ्या, धुणे पिळणाऱ्या, पोरे उचलणाऱ्या हातांचे गाऱ्हाणे कोणी ऐकत नाही, याचे कारण ते हातच ते सांगत नाहीत. त्यांना तेवढी सवड कुठे असते?

या दिवाळीत फराळाचे ताट तुमच्यापुढे येईल. चकली खुसखुशीत झाली आहे हे अवश्य सांगा. पण ताट ठेवून जाणाऱ्या बाईने जाता जाता मनगट झटकलेले दिसले, तर तिला जरा थांबवा, शेजारी बसवा आणि विचारा, ‘अगं, हे किती दिवस चाललंय?’ ती ‘काही नाही’ म्हणेल. तेव्हा, करंगळी सोडून बाकीच्या बोटांना मुंग्या येतात का, हेही विचारा.