कुपव्रेच्या घरातली आरी

पॅरिसहून कुणी आलं की मोठी माणसं विचारतात, "आयफेल टॉवर पाहिला का?" आणि मुलं विचारतात, "डिस्नेलँडला गेला होतात का?" पण दोस्तांनो, त्या डिस्नेलँडच्या जवळच एक छोटंसं गाव आहे. त्याचं नाव कुपव्रे. तिथे पाळणे नाहीत की मिकी माऊस नाही. तरीही जगभरातून लोक तिथे येतात. चला, आज आपणही तिथे एक चक्कर मारू या!

पॅरिसच्या पूर्वेला हे गाव साधारण 40 किलोमीटरवर आहे. 'गार द लेस्त' स्टेशनातून लोकल पकडायची, एस्ब्लीला उतरायचं आणि तिथून थोडं चालायचं. गावात एक जुनं दगडी घर आहे. 4 जानेवारी 1809 रोजी लुई ब्रेल या घरात जन्मला. आता इथे त्याचं संग्रहालय आहे आणि समोरच्या रस्त्यालाही त्याचंच नाव आहे.

आत शिरलात की वडिलांच्या कामाची जागा दिसते. ते घोड्यांचे खोगीर-लगाम बनवायचे. आपल्याकडे अशा कारागिराला जिनगर म्हणतात. कातडं कापायच्या सुऱ्या, हातोड्या आणि भोकं पाडायची आरी, अशी या धंद्याची हत्यारं. तीन वर्षांचा लुई एकदा अशाच एका धारदार हत्याराशी खेळत बसला. ते घसरलं आणि थेट डोळ्यात गेलं! जखम चिघळली, दुसऱ्या डोळ्यालाही बाधा झाली. पाचव्या वर्षापर्यंत लुई पूर्ण आंधळा झाला.

पण आई-वडिलांनी त्याला कोपऱ्यात बसवून ठेवलं नाही, बरं का! गावच्या शाळेत तो इतर मुलांबरोबर बसायचा आणि ऐकून ऐकून शिकायचा. 1819 मध्ये, दहा वर्षांचा असताना, तो पॅरिसच्या अंध मुलांच्या शाळेत दाखल झाला.

त्या शाळेत पुस्तकं होती, पण कशी? नेहमीचीच अक्षरं कागदावर मोठी करून उठवलेली. एकेक अक्षर बोटाने चाचपत जायचं. ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरायला व्हायचं! शिवाय पुस्तकं अवजड. आणि वाचता आलं तरी स्वतःला तसं लिहिता येत नव्हतं. का? कारण ही अक्षरं डोळ्यांसाठी घडवलेली होती. बोटांना काय सोपं जातं, हे कुणी विचारलंच नव्हतं.

1821 च्या सुमारास शार्ल बार्बिये नावाच्या माजी लष्करी अधिकाऱ्याची ठिपक्यांची पद्धत शाळेत आली. ठिपके बोटाला छान कळत. पण एका चिन्हाला बारापर्यंत ठिपके! बोटाच्या एका टोकाखाली ते मावणार कसे? लुईने वर्षानुवर्षं खटपट केली आणि ठिपके सहावर आणले. तेव्हा तो अवघा 15 वर्षांचा होता, म्हणजे आपल्या दहावीतल्या ताईएवढा!

घ्या पेन्सिल. दोन उभ्या रांगा, प्रत्येकीत तीन जागा. डावीकडे वरून खाली 1, 2, 3 आणि उजवीकडे 4, 5, 6. आता 1 आणि 3 चे ठिपके काढा: हा झाला 'क'. 1, 3, 4 म्हणजे 'म'. 1, 2, 3 म्हणजे 'ल'. काय लिहिलंत? कमल! भारती ब्रेलमध्ये मराठी असंच लिहितात. सहा ठिपक्यांच्या अशा 63 वेगवेगळ्या जुळण्या होतात. अक्षरं, अंक, गणिताची चिन्हं आणि संगीतसुद्धा त्यांत बसतं.

आता गंमत ऐका. कागद पाटीत अडकवून हे ठिपके टोकदार सळईने टोचतात. ठिपका मागच्या बाजूला उठतो, म्हणून लिहायचं उजवीकडून डावीकडे आणि कागद उलटून वाचायचं डावीकडून उजवीकडे. आणि ती सळई दिसते कशी? अगदी आरीसारखी! अशाच हत्याराने डोळे नेले आणि तशाच हत्याराने वाचन परत दिलं.

हे सगळ्यांना लगेच पटलं असेल, असं वाटतं ना? छे! डोळस शिक्षकांना ही लिपी परकी वाटे. 1840 च्या सुमारास शाळेत तिच्यावर बंदीच आली. मुलं मात्र गुपचूप ठिपके टोचत राहिली. 1844 मध्ये शाळेच्या नव्या इमारतीच्या समारंभात सर्वांसमोर तिचं प्रात्यक्षिक झालं, तेव्हा कुठे बंदी सुटली. फ्रान्सने ही लिपी अधिकृतपणे स्वीकारली 1854 मध्ये. लुई मात्र 1852 मध्येच, 43 व्या वर्षी, क्षयाने गेला होता.

आजची साधनं वेगळी आहेत. ब्रेल डिस्प्लेवर टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके आपोआप वर-खाली होतात. कॉम्प्युटरवर 'एनव्हीडीए' हे मोफत सॉफ्टवेअर पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवतं, मराठीतसुद्धा! ते सुरू केलं ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन आणि जेम्स तेह यांनी. दोघेही अंध. म्हणजे पुन्हा तेच: ज्याची गरज, त्यालाच नेमकी अडचण ठाऊक!

निघण्यापूर्वी गावच्या दफनभूमीत जाऊ. 1952 मध्ये लुईचे अवशेष मोठ्या सन्मानाने पॅरिसच्या पँथिऑनमध्ये नेले. पण गावाने त्याचे हात आपल्याकडेच ठेवून घेतले. एका छोट्या कलशात ते इथे आहेत.

उद्या तुमच्या वर्गात ब्रेल पाटी घेऊन कुणी आलं आणि ठक्‌ ठक्‌ आवाज येऊ लागला, तर "आवाज नको" म्हणू नका. आणि लगेच हात धरून ओढूही नका. आधी एवढंच विचारा, "तुला काय सोपं पडेल?" हा प्रश्न त्या शाळेने लुईला वेळेवर विचारला असता, तर त्याच्या मित्रांना लपूनछपून लिहावं लागलं नसतं.